राणीचं वाक्य

नवऱ्याच्या दोन वर्षांच्या कामासाठी आम्ही पुण्याहून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आलो होतो. तिथल्या मराठी मंडळींच्या नाटकात माझ्या आठ वर्षांच्या मुलीला राणीचं काम मिळालं होतं. नाटक बसवणाऱ्या बाईंनी ते काढून स्वतःच्या मुलीला दिलं. "तुम्ही काय, टेम्पररी. निघून जाल," त्या मला म्हणाल्या. माझी लेक उशीत तोंड खुपसून रडली.

पुढच्याच शनिवारी बाईंचा फोन आला. "आम्ही इथेच वाढलो ना. तुमचं मराठी प्रॉपर आहे. हिची प्रॅक्टिस घ्याल का?"

मी लगेच हो म्हटलं.

"मी युद्ध जिंकून आलो," असं ती मुलगी म्हणायची. 'आले' म्हण, असं मी तिला एकदाही सांगितलं नाही. उलट आणखी जोरात म्हणायला लावलं.

नाटकात राणी तलवार उपसून तेच वाक्य गरजली आणि अख्खा हॉल हसला. मी पहिल्या रांगेतल्या तिच्या आईकडे पाहत होते. लोक का हसले ते त्यांनी शेजारणीला विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं. आठवलं की आजही वाटतं.

मुलगी मात्र धावत माझ्याकडे आली. "काकू, सगळ्यांना माझा अ‍ॅक्टिंग आवडला!" मी तिला जवळ घेतलं.

गाडीत लेकीने विचारलं, "आई, तुला ती चूक माहीत होती ना?"

"हो," मी म्हटलं.

घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.