टाळेबंदीतली गाडी

बोनेट उघडलं तेव्हा रेडिएटर कोरडा होता आणि वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती. संत तुकाराम नगरातली आमची इमारत कामगारांची. निम्म्या घरांतली कर्ती माणसं एकाच कंपनीत, आणि त्या कंपनीला टाळं लागलेलं. गाडी होती पर्सोनेल ऑफिसर साळवी साहेबांची. टाळेबंदीच्या आधी गेटवर दगडफेक केल्याचा ठपका ठेवून ज्यांना सस्पेंड केलं, त्यांच्या ऑर्डरींवर सही साळवींची होती.

मी त्याच कंपनीच्या ट्रान्सपोर्ट विभागात इंजिन फिटर होतो. ट्रक, जीपा आणि साहेब लोकांच्या गाड्या माझ्या हाताखालून जायच्या. टाळेबंदीत आम्ही सगळेच घरी. मी सकाळी गेटवर जाऊन बसायचो, दुपारी परत यायचो.

"ओव्हाळ, मी इथं येणं बरं दिसत नाही, ते मला कळतं," साळवी म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. "पण माझा नाइलाज आहे. मिसेसना एक दिवसाआड पुण्याला न्यावं लागतं. लाईट देतात."

लाईट म्हणजे काय, ते तेव्हा सगळ्यांना कळायचं. कॅन्सर हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे.

"हाताला काय झालं?"

"दापोडीला गाडी उकळली. मी झाकण काढायला गेलो."

तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधी काढू नये. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की ते कारंज्यासारखं अंगावर येतं, आणि ते चहाच्या आधणापेक्षा गरम असतं. साहेबांचं नशीब, तोंड वाचलं.

वरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बरं झालं. सह्या करायचाच हात भाजला."

एक-दोघं हसले. साळवींनी वर पाहिलं नाही.

गाडी विलायती, जुनी, कुणा गोऱ्या इंजिनियरकडून हस्ते-परहस्ते आलेली. हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं रेडिएटर गळतोय म्हणून त्याला डाख मारून दिला होता. पाणी जातच राहिलं. त्यानं परत डाख मारला. मग म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, गाडी पंधरा दिवस ठेवून जा. साळवींना ते शक्य नव्हतं, म्हणून गॅरेजच्याच पोराकडून त्यांनी गाडी आमच्या दारात आणवली होती. बसमधले धक्के बाईंना सोसत नव्हते, आणि पिंपरीत टॅक्सी अशी रोजची मिळत नसे.

मी वर गॅलरीकडे पाहिलं. पहिल्या मजल्यावर, माझ्या दाराच्या समोरच्या दारात, नामदेव उभा होता. नामदेव टर्नर, लेथवर धातू कातणारा. आम्ही एकाच वर्षी कंपनीत लागलो. सस्पेंड झालेल्यांत तो होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी साळवींना म्हणालो, "गाडी इथंच राहू द्या. परवा सकाळी या."

ते चालत गेले. मी बादली आणली.

आता हे काम काय असतं ते सांगतो. इंजिन चालताना प्रचंड तापतं. ती उष्णता वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या लोखंडातच पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून पाणी फिरतं, रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं. आज त्यात हिरवं कूलंट घालतात. आमच्या वेळी कूलंट म्हणजे मशिनशॉपमध्ये कटिंगवर सोडायचं दुधासारखं पाणी. गाडीत विहिरीचं किंवा नळाचं साधं पाणीच असायचं, आणि साधं पाणी लोखंडाला आतून खातं.

आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर पाणी इंजिनाच्या आत शिरतंय आणि मग हेड काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ऑइल काळं होतं. म्हणजे बरं होतं. पाणी भरलं, इंजिन चालू केलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. होज पाइप ठीक. पंप कोरडा. खाली जमिनीवर थेंब नाही. तरी घटकाभरात पाण्याची पातळी खाली गेली.

पाणी जातंय आणि पडत नाही, म्हणजे ते तापलेल्या कशावर तरी पडून वाफ होतंय. मी दाढीचा आरसा आणला आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, मागे धरला. आरसा धूसर झाला.

तिथं वेल्श प्लग असतात. इंजिनाचा ब्लॉक ओततात तेव्हा आतली वाळू काढायला भोकं ठेवावी लागतात. नंतर ती पातळ पत्र्याच्या चकत्या ठोकून बुजवतात. त्याच चकत्या म्हणजे वेल्श प्लग. त्यातली मागची चकती गंजून चाळण झाली होती. सुटणारं पाणी थेट लाल झालेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. गॅरेजवाला दोनदा चुकला कारण तो दोन्ही वेळा नुसता रेडिएटरच बघत होता.

इंजिन उतरवायची गरज नव्हती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढला की झालं. नट गंजलेले. रॉकेल सोडून सोडून काढले, तरी एक स्टड, म्हणजे नटाच्या आतला आट्यांचा दांडा, तुटलाच. तो हातड्रिलनं पोखरून काढण्यात दुपार गेली. जुना प्लग छिन्नीनं भोक पाडून उपटला, तेव्हा आतून विटकरी चिखल बाहेर आला. ब्लॉक पाण्यानं धूत राहिलो. पाणी लाल, मग पिवळं, मग स्वच्छ. वर गॅलऱ्यांत आता कोणी नव्हतं. खालून येणारे-जाणारे मात्र रस्ता बदलून जात होते.

नवा प्लग मिळण्याची आशा नव्हती. ती गाडी बनायचीच बंद झालेली. लेथवर एक चकती बरोब्बर मापात काढली असती, तर काम पक्कं झालं असतं. लेथ एकाच्याच हाताशी होतं. नामदेव भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर जात होता.

संध्याकाळी मी त्याचं दार वाजवलं. तो जेवायला बसला होता. त्याची बायको चुलीपुढून उठून आत गेली.

"ये," तो म्हणाला. बस म्हणाला नाही.

"एक चकती काढून पाहिजे. पितळेची. माप देतो."

"त्या गाडीची?"

"हां."

त्यानं घास खाल्ला, पाणी प्यायला. "वसंता, त्याची बायको आजारी हाय ते मला ठावं हाय. तिच्याबद्दल वाईट वाटतंय. खोटं न्हाई सांगत. पर माझी पोरं बी दोन टायमाची एक टाइम जेवत्यात, ते त्याला ठावं हाय का?"

"मी त्याच्यासाठी नाही आलो. बाई..."

"तू कर," तो मधेच म्हणाला. "तुला करायचं तर तू कर. मी तुला आडवा येणार न्हाई. पर माझ्या हातून न्हाई व्हायचं. आन् उद्या लोक बोलले तर मला मधी घालू नको."

मी उठलो. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी सुमन, माझी बायको, भांडी घासत होती. तिच्याशीही दिवसभर नळावर कोणी बोललं नव्हतं. मी सांगितलं, लेथचं जमत नाही. ती म्हणाली, "पितळच पाहिजे ना?" आणि फडताळातून तिनं एका जुन्या डब्याचं झाकण काढून दिलं. डबा केव्हाच फुटला होता. मग म्हणाली, "ही गाडी एकदाची जाऊ द्या इथून."

झाकणातून चकती कापली. कानशीनं घासून गोल केली. पाइपाच्या तोंडावर ठेवून हातोडीनं हलके हलके मधून फुगवली. प्लग बसतो तो असा: फुगीर बाजू बाहेर ठेवून भोकात बसवायची आणि मध्यावर ठोका द्यायचा. मधला फुगा दबला की कडा पसरतात आणि लोखंडात घट्ट रुततात. दोन चकत्या वाया गेल्या. तिसरी बसली. कडेला नळवाले लावतात तो सफेदा लावला आणि सुकायला ठेवला.

ठरल्या सकाळी साळवी बाईंना घेऊनच आले. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. आवाज जवळजवळ गेलेला. साळवींचा हात भाजलेला, म्हणून गाडी मीच चालवली. नजर टेंपरेचरच्या काट्यावर. दापोडीचा पूल गेला, खडकी गेली. काटा मध्यावरच राहिला.

बाई मागून पुटपुटल्या, "तुम्हाला लोक बोलले असतील."

"नाही हो," मी म्हणालो.

"माझा भाऊ मुंबईला गिरणीत आहे. युनियनमध्ये. यांनी सह्या केल्यापासून त्यानं आमचा उंबरा ओलांडलेला नाही." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मला बघायलाही आला नाही."

साळवी खिडकीबाहेर बघत होते.

हॉस्पिटलात बाईंना आत नेलं आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. साळवी म्हणाले, "ओव्हाळ, तुमचे उपकार झाले. काही मागा. संकोच करू नका."

"नामदेवचं बघा, साहेब. त्यानं दगडफेक केली नव्हती. त्या दिवशी तो माझ्या शेजारी उभा होता."

त्यांनी बँडेजचा हात दुसऱ्या हातानं मांडीवर घेतला. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"नावं वरून आली होती. मी सही केली नसती तर दुसऱ्यानं केली असती."

"मग आता सांगा ना वर."

"आता सांगितलं तर मी जाईन. आणि हिची ट्रीटमेंट कंपनीच्या मेडिकलवर चालू आहे."

आत एक दार उघडलं, बंद झालं. आम्ही दोघं त्या दाराकडे बघत बसलो.

गाडीनं पुढे कधी त्रास दिला नाही. बाईंचा कोर्स पूर्ण झाला. टाळेबंदी उठली, करार झाला, आम्ही सगळे कामावर गेलो. सस्पेंड झालेले तेवढे परत आले नाहीत. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बरेच महिने कोणी बसलं नाही. मी बसलो की ताटं उचलली जायची. मग हळूहळू नवीन पोरं आली, त्यांना काही माहीत नव्हतं, ती बसायला लागली.

भोसरीच्या वर्कशॉपला आमच्या कंपनीची ऑर्डर मिळाली आणि सस्पेंड झालेला माणूस नडायला नको म्हणून मालकानं नामदेवला येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानं घर सोडलं, चाकणच्या पलीकडं गावी गेला. जाताना सुमनला सांगून गेला. मला नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी साळवीबाई गेल्या. साहेब नोकरी सोडून कोकणात निघून गेले. गाडी कुणाला तरी विकली.

नामदेव मला एकदाच भेटला, चाकणच्या बाजारात. कांद्याच्या वखारीत पोती उचलत होता. केसाएवढं माप मोजायचा मायक्रोमीटर धरणारे हात होते ते. त्यानं मला ओळखलं, पोतं टाकलं, घाम पुसला.

"ती बाई जगली का रं?"

"नाही."

त्यानं मान हलवली. आनंद नव्हता त्यात. "मग कशापायी केलंस?"

"गाडी दुरुस्त झाली," एवढंच म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला आणि पुढच्या पोत्याला वाकला.

नवीन मेकॅनिक मला विचारतात, तेव्हा मी दोन गोष्टी सांगतो. पाणी कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका, कुठं जातंय ते शोधा. आणि दुसरी: आपलं काम गाडीशी, मालक कोण ते बघायचं नाही, असं ऐटीत बोलू नका. मालक कोण ते नीट बघून घ्या. मग करायचं तर करा, नाही तर नका करू. पण नंतर टेबलावर एकटं जेवावं लागलं, तर जेवण गार होऊ देऊ नका.