दारावरचा दिवा

भगवंत सर सिल्वासाच्या शाळेत गणित शिकवायचे. आमच्या हौशी नाट्यमंडळात मात्र ते प्रॉम्प्टर होते आणि दिवेही त्यांच्याच हातात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुंबईहून एक छोटा कॉम्प्युटर आणला, घरातल्या टीव्हीला जोडला आणि बेसिक भाषेत दिव्यांचा प्रोग्राम लिहिला. विंगेत बसून कळ दाबली की पुढचा दिवा लागे. काय मिजास होती आमची तेव्हा! वापीची मंडळी नुसता तो कॉम्प्युटर बघायला येत.

नट वाक्यं गाळणारच, हे सरांना ठाऊक. म्हणून त्यांनी एका वेगळ्या कळीवर 'गोटू', म्हणजे 'तिकडे जा' असा हुकूम, ठेवला होता. ती कळ दाबली की प्रोग्राम मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या प्रवेशावर उडी घेई.

एका प्रयोगात मी दोन पानं गाळली. सरांनी कळ दाबली. नाटक सावरलं, पण मधला दारावरचा दिवा राहूनच गेला. तो लागला की प्रमिलावहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, आई म्हणून आत यायचं होतं. केस पांढरे रंगवून त्या अंधारात उभ्याच राहिल्या. टाळ्या आम्ही घेतल्या. वहिनींनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. सरांना त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच सरांना सलत राहिलं.

यंदा उरलेल्या आम्ही म्हाताऱ्यांनी तेच नाटक पुन्हा उभं केलं. वहिनी कशाबशा तयार झाल्या. केस रंगवायची आता गरज नव्हती. दिव्यांचा नवा प्रोग्राम सरांची नात सायली लिहीत होती, डोकमर्डीच्या त्यांच्या घरी.

"आजोबा, पायथनमध्ये गोटू नाहीये."

"नाही? मग हा मधुकर पानं खाईल तेव्हा काय करायचं?"

"अहो, मी इथेच बसलोय," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारतोय."

सायली हसली. "सी भाषेत गोटू आहे, पण त्याच फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या त्याच तुकड्याच्या, आत. जावाने तर तो शब्द अडवून ठेवलाय, वापरू देत नाही. पायथनमध्ये कंटिन्यू म्हटलं की चालू फेरी सोडून पुढची सुरू. ब्रेक म्हटलं की लूपच्या, म्हणजे सगळ्या फेऱ्यांच्याच, बाहेर."

"बाहेर पडलो, ठीक. मागे राहिलं त्याचं काय?"

ती गोष्ट सायलीलाही माहीत होती. ती जरा हळू बोलली. "त्याला फायनली आहे, आजोबा. ब्रेक मारा, चूक होऊ दे, कसेही बाहेर पडा. फायनलीत लिहिलेलं झाल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही."

सरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर फायनलीच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दारावरचा दिवा तिथे लिही."

प्रयोगाला हॉल भरला होता. आणि मी, काय सांगू, त्याच जागी अडखळलो आणि थेट दोन पानं पुढे गेलो! विंगेत कळ वाजली. रंगमंचावरचा उजेड गेला. क्षणभर सगळा काळोख. मग दारावर पिवळा दिवा लागला.

वहिनी आत आल्या. "किती वेळची उभी आहे मी दाराशी," त्या म्हणाल्या. वाक्य संहितेतलंच होतं.

आता बोलायची पाळी माझी, आणि मला काही आठवेना. मी आशेने विंगेकडे पाहिलं. प्रॉम्प्टरच्या जागी बसलेल्या सरांच्या मांडीवर संहिता मिटलेली होती, आणि ते वहिनींकडे बघत बसले होते.