कुपीतली तिसरी चिठ्ठी

प्रयोगशाळेत शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला सूनबाई म्हणत. कारण साधं होतं. तिथल्या मायक्रोस्कोपला तीस वर्षं चिकटून बसलेले गृहस्थ तिचे सासरे, आणि तिला काम शिकवलंही त्यांनीच. ओढ्यानाल्यांतून जाळीने गाळून आणलेले किडे ओळखायचे आणि त्यांवरून पाणी कसं आहे ते सांगायचं, असं ते काम. पाहुण्यांनी विचारलं की सासरे-सून एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आधी तू सांग म्हणून.

किड्यांत मान मेफ्लाय या उडत्या किड्याचा. पंख फुटल्यावर दिवसभरात कारभार आटोपतो, पण त्याआधी कितीतरी महिने पिल्लू होऊन पाण्यातल्या दगडांना धरून राहतो. सासरे बजावायचे, "शेपट्या मोजून भुलू नकोस, शेपट्या तुटतात. पायाचं नख बघ. एक असेल तर आपली मेफ्लाय, दोन असतील तर पाहुणी, दुसराच किडा. मग पोटाच्या कडेचे कल्ले मोज." त्यांच्याकडे सापडणाऱ्या दोन जाती दिसायला अगदी सारख्या. एकीला कल्ल्यांच्या सहा जोड्या, ती कसल्याही पाण्यात निभावून नेते. दुसरीला शेवटाकडे सातवी जोडी, इवलीशी. पाणी जरा बिघडलं की ही बाई गायब!

निवृत्तीला आठवडा उरला असताना सासऱ्यांना एका ओढ्यात ती सापडली. वीस वर्षांत तिथे कोणी पाहिली नव्हती. "सातकल्ली!" म्हणत म्हातारा सगळ्या टेबलांपाशी नाचून आला. पेन्सिलीने चिठ्ठी लिहून त्यांनी ती किड्यासोबत स्पिरिटच्या कुपीत टाकली. पण दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय नोंद पक्की होत नसे, आणि ते दुसरं माणूस म्हणजे सूनबाई.

उजवीकडचा सातवा कल्ला जाळीतच गेलेला होता. डावीकडचा होता, तिने स्वच्छ पाहिला. मग किडा जरा वळवावा म्हणून चिमटा लावला आणि तो कल्ला सुटला. दारात सासऱ्यांसोबत साहेब उभे, "झालं का, सूनबाई?" म्हणत. बाबा, माझ्या हातून तुटला, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंच तिला म्हणवेना. सगळी प्रयोगशाळा खुशीत होती आणि तिने एकुलता एक नमुना बिघडवला होता. तिने आपल्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं, "सहा," आणि ती कुपीत टाकली.

साहेब समजुतीने हसले. "महिन्यापूर्वीच मोतीबिंदू काढलाय त्यांचा. व्हायचंच असं."

सासरे वाद घालतील असं तिला वाटलं होतं. ते घालते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असेल. नजरच गेली माझी. सूनबाईचं बरोबर असणार."

त्यानंतर त्यांनी भिंगाला हात लावला नाही. पेपर नातीकडून वाचून घ्यायचा, जिना सुनेचा हात धरून उतरायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. "त्यांना काय कळतंय," सासरे म्हणत. सुईच्या टोकावर मावेल असा कल्ला मोजणारा माणूस रोज सकाळी कप पुढे करून विचारायचा, "चहात काही पडलंय का गं, बघ जरा." सूनबाई बघायची, नाही म्हणायची आणि तिला स्वतःची लाज वाटायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार वर्षं गेली.

या वर्षी कुप्यांमधलं उडालेलं स्पिरिट भरताना ती कुपी तिच्या हाती आली. आत दोन चिठ्ठ्या, सासऱ्यांची आणि तिची. चुकीची चिठ्ठी काढून टाकायची नाही, तिच्याशेजारी नवी घालायची, हा तिथला नियम. तळाशी कोंड्यासारखं काहीतरी होतं. कल्ला. चार वर्षं तिथेच पडून होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासऱ्यांना घेऊन आली. ते कुरकुरत होते, "मला आंधळ्याला कशाला नेतेस?" तिने त्यांना त्यांच्या जुन्या स्टुलावर बसवलं, किडा भिंगाखाली ठेवला.

"बघा ना बाबा. माझ्यासाठी."

ते वाकले. हात आपसूक चाकावर गेला. "सहा," ते म्हणाले. मग चाक किंचित फिरवलं. "थांब. सातव्या जागी खळगा आहे. कल्ला होता इथे. तुटलाय."

"हो."

"कोणी तोडला?"

"मी. त्याच दिवशी. तुमचं बरोबर होतं, बाबा."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. "आणि मी चार वर्षं चहा तपासून घेतोय तुझ्याकडून."

ती रडायला लागली. त्यांनी तिला गप्प केलं नाही. कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "लिही. सगळं लिही." तिने लिहिलं, "सातवा कल्ला होता. तपासताना माझ्या चिमट्याने तुटला. तेव्हा मी खोटं लिहिलं." एवढ्याशा कागदावरची ती बारीक अक्षरं त्यांनी चष्मा न लावता वाचली, तारीख राहिली म्हणाले, आणि तारीख घातल्यावर चिठ्ठी स्वतः कुपीत टाकली.

निघताना जिन्यापाशी तिने सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. कठड्यालाही न शिवता, एकेक पायरी बघत ते खाली उतरले, आणि ती हात तसाच धरून वर उभी राहिली.