शून्याचा लॉग
सत्तर सालच्या आसपास मी भाईंदरला बालआरोग्य पाहणीच्या कचेरीत कारकून होते. मुर्ध्यात आमच्या पाड्यात मॅट्रिक झालेली सून मी एकटीच, म्हणून लागले. माझं बाळ गेलं आणि महिनाभराने मी पुन्हा कामावर रुजू झाले. बायका म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं आहे. असेल. मला काही वाटतच नव्हतं, मग घरी बसून करायचं काय?

प्रत्येक पाड्याची पाच कार्डं असायची. जन्मलेल्यांपैकी किती हिस्सा महिनाभर जगला ते पहिल्या कार्डावर, महिन्यापासून वर्षापर्यंतचं दुसऱ्यावर, असं पाच वर्षांपर्यंत; शेवटची दोन वर्षं एकाच कार्डावर. पाची आकडे एकमेकांशी गुणले की त्या पाड्यातलं मूल पाच वर्षांचं होण्याची आशा किती, ते कळायचं. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, त्या पाड्याला पहिली नर्स.

कचेरीतलं मशीन मात्र नुसती बेरीज करायचं. म्हणून लॉगचं, म्हणजे लॉगॅरिदमच्या तक्त्यांचं, पुस्तक. पाची आकड्यांचे लॉग शोधायचे, त्यांची बेरीज करायची आणि ती उलट्या तक्त्यात बघायची, की गुणाकार तयार. मला हे काम बरं वाटायचं. त्यात फक्त डोकं लागतं.

मग आमच्याच पाड्याचं पहिलं कार्ड हातात आलं. त्या वर्षी दोन बाळं जन्मली, दोन्ही महिन्याच्या आत गेली. हिस्सा शून्य. लॉगच्या पुस्तकात शून्य नसतोच. जे सापडत नाही तिथे आडवी रेघ मारून पुढे जायचं, ही आमच्या कचेरीची शिस्त. मी रेघ मारली, उरलेल्या चार कार्डांची बेरीज केली आणि चहा प्यायला गेले.

यादी टाईप होऊन आली तेव्हा आमचा पाडा अगदी तळाला होता. नर्सची गरज सगळ्यांत कमी! बघता बघता माझ्या लक्षात आलं. बेरजेत काहीच मिळवलं नाही म्हणजे गुणाकारात एकाने गुणलं. माझ्या त्या रेघेने दोन्ही बाळं जिवंत ठरवली होती.

संध्याकाळी घरी जावेने विचारलं, "बाय, ती नर्सबाई येनार हाय ना आपल्याकडं?" तिला आठवा महिना लागला होता. मी म्हटलं, "बघते." आमच्या घरात माझ्या बाळाचा विषय कोणी काढत नसे. मीही नाही.

सकाळी मी साहेबांपुढे उभी राहिले. ते वैतागले. "बाई, शून्याचा लॉग निघत नाही, त्याला मी काय करू?"

"लॉग लागतच नाही, साहेब. एक आकडा शून्य असला की सगळा गुणाकार शून्य. चूक माझी आहे."

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "पण नक्की ना? दोघांतलं एकही नाही?"

"नाही. एक शेजारणीची मुलगी होती. दुसरा माझा मुलगा. तो गेला."

साहेबांनी यादी ओढली आणि आमचा पाडा सगळ्यांत वर लिहिला. जावेच्या बाळंतपणाला नर्स हजर होती. पण माझा मुलगा गेला, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा तोंडाने बोलले होते, आणि मग भर कचेरीत, सगळ्यांसमोर, मी ओक्साबोक्शी रडले.