आधी पदर, मंग काडी

आमचे थोरले चुलते आगीला फार भीत. म्हणजे दुसऱ्याच्या हातातल्या आगीला. स्वतः पेटती चिलीम तोंडात ठेवून असे झोपत की घरात बिनभोकाची गोधडी उरली नव्हती. एका भोकातून तर मी आमच्या अंगणात पडल्या पडल्या आष्टीचा अख्खा बाजार पाहिलेला आहे. पण माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, चुलीजवळ फिरकायचं न्हाई, असा त्यांचा हुकूम. निजामाचं फर्मान गावात पोचायला वेळ लागे. चुलत्यांचं ओसरीवरून निघालं की चुलीतला जाळसुद्धा खाली बसे.

अक्का लग्नाच्या वयाची झाली होती, समज मात्र लहान लेकराची. एक गोष्ट शंभरदा सांगावी लागे. पण एकदा डोक्यात शिरली की ती बाहेर काढणं देवाच्याही हातात नसे.

वडील गेल्यापासून मायला एकच घोर. "मी मेल्यावर हिला भाकर कोण टाकून दिल? हिची हिला आली पाह्यजे." थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती, म्हणून हे ती चुलत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मडक्यांच्या उतरंडीला सांगे. उतरंड चुलत्यांपेक्षा समजूतदार. निदान खेकसत नसे.

शेवटी मायनं थंड चुलीवर शाळा काढली. चुलते शेतात गेले की अक्कानं पदर कमरेला खोचायचा, घासलेटची बाटली लांब सरकवायची, मंग काडी ओढल्यासारखं करायचं. पदर विसरला की पुन्हा पहिल्यापासून. तो सगळा उन्हाळा मी अक्कानं थापलेल्या हवेच्या भाकरी खाल्ल्या, आणि अंगानं चांगला भरलो. मग मायनं दार लावून खरी काडी दिली. अक्कानं बिलकुल बराबर चूल पेटवली.

हुकूम मात्र तसाच. आणि अक्का आता कुणालाच सैल कपड्यानं जाळाजवळ बसू देईना. चुलतीचा पदर, पावण्यांचं धोतर, दिसेल ते खोचून टाकी. शेकोटीला येणारं कुत्रंदेखील शेपूट आवळून बसू लागलं.

अशात थंडीत निजाम सरकारचे गिरदावर साहेब पीक पाहायला आले आणि आमच्या ओसरीवर टेकले. पुढ्यात शेगडी. सिगारेट पेटवायला ते वाकले तशी अक्का आली, आणि त्यांच्या शेरवानीचा घेर उचलून त्यांच्याच मांडीखाली खोचला.

चुलते धुतल्या पागोट्यासारखे पांढरे पडले. "माफी असावी हुजूर, पोरगी अर्धवट हाय."

"अर्धवट?" साहेब म्हणाले. "पिछले साल ऐसीच सिगडी मेरी शेरवानी खा गई. तब पूरे अकलवाले बाजूच बैठे थे. चाय इसी के हाथ की पिऊंगा."

आता आली का पंचाईत. चुलत्यांना आगीपेक्षा एकाच गोष्टीची भीती जास्त होती, ती म्हणजे सरकार. ते अक्कामागं सैपाकघरात धावले आणि उपरणं लोंबकळत चुलीवर वाकून उभे राहिले.

अक्कानं पदर खोचला, बाटली सरकवली, काडी हातात घेतली आणि थांबली.

"पेटव ना जल्दी. साहेब बसून राह्यलेत."

"न्हाई."

"का न्हाई?"

अक्कानं उपरण्याकडं बोट केलं. "आधी पदर."

कोपऱ्यातून माय बोलली, "उतरंडे, आमच्या अक्काला घाई कळत न्हाई बाई. उपरणं कळतं."

ओसरीवरून आवाज आला, "चाय बनी के नै?"

देवापुढंही मान तिरकीच ठेवणाऱ्या आमच्या चुलत्यांनी उपरणं गोळा केलं आणि कमरेला खोचलं. मंग काडी ओढली गेली.

चहाला धुराचा वास होता. साहेबांनी तो पिऊन पुन्हा मागितला.

साहेब गेले तरी अक्का चुलीपुढून उठली नाही. तिनं तवा ठेवला. चुलते दारात उभे होते. उपरणं त्यांनी ओसरीवर पोचल्यावरच सोडलं.

पहिली भाकर एका अंगानं कच्ची आणि दुसऱ्या अंगानं कोळसा. मायनं ती अख्खी खाल्ली. त्या दिवशी तिला उतरंडीला काही सांगायचं नव्हतं.