फाटकावरचे मावळे

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या आमच्या तिसऱ्या दिवाळीपर्यंत मला किल्ल्याचा कंटाळा आला होता, हे सरळच सांगते. किल्ला मुलांनी करायचा आणि चिखल झाला म्हणून आईने ओरडायचं, ही आमच्या पुण्यातली रीत. इथे मीच ऑफिसातून येऊन बाल्कनीत उकिडवी बसले होते आणि बाऊमार्क्टमधून, म्हणजे इथल्या घरदुरुस्ती-बागकामाच्या दुकानातून, आणलेली कुंडीची माती थापत होते. माझा सात वर्षांचा मुलगा आतून काचेला नाक लावून, कधी संपणार, असं जर्मनमध्ये विचारत होता. "ये ना रे, एक बुरूज तरी कर," म्हटलं तर म्हणे थंडी आहे. थंडी होतीच. माती वाळायचं नाव घेत नव्हती. "कशाला एवढा खटाटोप?" नवरा म्हणाला. मी मनातच म्हटलं, आपलं बालपण पोराच्या गळ्यात बांधायची हौस, दुसरं काय!

पोराने एकच गोष्ट केली. प्लॅस्टिकचे प्राणी आणून किल्ल्याच्या पायथ्याशी ओतले, हत्ती, जिराफ, दोन अस्वलं. त्यांच्याभोवती काड्यांचं कुंपण केलं, फाटकापुरती फट ठेवली आणि पुन्हा आत जाऊन बसला.

शनिवारी वरच्या मजल्यावरच्या बाईला फराळाला बोलावलं होतं. ती बगदादची. नवरा इथे विद्यापीठात संशोधनाला, आणि पाच वर्षांची एक मुलगी. बेल वाजली आणि माझं लक्ष किल्ल्यावर गेलं. भाले-तलवारी घेतलेले मातीचे मावळे, पुण्याहून मोज्यांत गुंडाळून आणलेले, ऐटीत उभे होते. मी घाईघाईने सगळे उचलून टोपलीत टाकले. युद्धातून आलेलं लेकरू, त्याला आपल्या घरी तरी शिपाई दिसू नयेत. स्वतःच्या समजूतदारपणावर मी बेहद्द खूश होते.

मुलगी चकली घेऊन बाल्कनीत गेली. हत्ती बघून तिचा चेहरा असा खुलला की माझा सगळा शीण गेला. मग ती कुंपणाच्या फटीपाशी आली, इकडेतिकडे बघितलं आणि तोंड पाडून उभी राहिली.

"बंद आहे," ती दारात उभ्या माझ्या मुलाला जर्मनमध्ये म्हणाली.

"नाही, उघडं आहे."

"बंदच आहे. शिपाई नाहीत." आणि ती रडायला लागली.

तिच्या आईने मला इंग्रजीत समजावलं. बगदादला असताना दर शुक्रवारी ते प्राणिसंग्रहालयात जायचे. फाटकावर शिपाई पिशवी बघणार, अंग चाचपणार, मग आत सोडणार. शिपाई दिसले नाहीत की काहीतरी घडलंय असं समजून तसंच घरी परतायचं. "लोक आम्हाला वेडं म्हणायचे," ती म्हणाली. "पण तिला तेवढंच तर होतं." बसची वेळ सांगावी तशा थकल्या आवाजात तिने हे सांगितलं आणि लेकीचे डोळे पुसले. मी आत जाऊन टोपली घेऊन आले.

मुलीने निवडून दोन मावळे काढले. एकाचा पाय तुटला होता, त्याला काडीला टेकवलं. दोघांनाही बाहेरच्या बाजूला तोंड करून फाटकावर उभं केलं. मग चकली आईकडे दिली, फटीसमोर उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि सावकाश स्वतःभोवती एक गिरकी घेतली. जरा थांबली. आत सोडल्यासारखं वाटलं असावं, कारण लगेच हत्तीपाशी बसून खुदखुदू लागली. इतकं मनापासून हसणारं मूल मी त्या इमारतीत पाहिलं नव्हतं.

ते बघून माझा मुलगा पायात नुसते मोजे असताना बाल्कनीत उतरला, थंडीबिंडी सगळं विसरून. तोही फटीसमोर उभा राहिला आणि हसत हसत त्याने हात पसरले.

मला ते बघवेना. "हात खाली घे!" मी ओरडले, जरा जास्तच जोरात.

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. हात तसेच पसरलेले.

"मग मला आत कसं सोडणार?" त्याने विचारलं.