कार्यालयीन कामासाठी आवाज

"बोल बाबा," असं म्हणून भाऊ कामाला बसत. हे ते संगणकाला म्हणत. डबा खणात, काठी घडी करून मांडीवर, आणि एक तळहात सीपीयूच्या पत्र्यावर. आत पंखा घरघरला की, "बोल बाबा."

फोन उचलला तरी तेच. टेबलापुढे कुणी गप्प उभं राहिलं तरी तेच. एकदा आमचे साहेब फेरीवर असताना त्यांच्या टेबलाशी थांबले. समोरच्याने आधी नमस्कार करायचा, अशी साहेबांची सवय. ते वाट बघत राहिले. थोड्या वेळाने भाऊ म्हणाले, "बोल बाबा, ऑफिसात कामं असतात." साहेब पुढे गेले. त्यानंतर ते त्या टेबलाशी पोहोचायच्या आधीच खाकरायला लागले.

भाऊंना लहानपणापासून दिसत नव्हतं. आमचं कार्यालय घाटकोपरला, निमसरकारी. नागरिक ईमेलने तक्रारी करत आणि भाऊ त्यांची उत्तरं लिहीत. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांच्या संगणकात होतं. त्या आवाजाचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला होता, की आम्हाला कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू यायचं. भाऊ त्यातून तक्रारदाराचं नाव, पत्ता आणि चिडण्याचं कारण नेमकं उचलत. मॉनिटर मात्र कायम बंद. "मेल्या, मला दाखवून त्याला काय मिळणार?" असं ते मला म्हणाले होते.

अशा माणसाबद्दल लिहिलं की तुमची एक अपेक्षा असते, ती आत्ताच मोडून टाकतो. भाऊ पावलांवरून माणूस ओळखत नसत. प्रयत्न मात्र आत्मविश्वासाने करत. कित्येक महिने ते मला कँटीनवाला समजून, "दोन कटिंग, एकात साखर कमी," असं सांगत. मी आणून देई. खरं कळल्यावर त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. "चप्पल बदल," एवढंच म्हणाले.

स्वभावाने ते गोड होते असंही नाही. शर्टाला कडक इस्त्री लागे आणि कुणी कौतुक केलं नाही तर विचारून घेत. तक्रारींच्या उत्तरांचा त्यांना अभिमान होता. "आपल्या पत्रास अनुसरून" या शब्दांनी त्यांनी आयुष्यात एकही उत्तर सुरू केलं नाही. "तुमचं बरोबर आहे, पण" असं ते सुरू करत. लोक निम्मे तिथेच शांत होत.

मग वरून आदेश आला, की सगळ्या संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. कंत्राटी कंपनीचा एक माणूस आला, प्रत्येक यंत्र पुसून नवं करत गेला. भाऊंचं टेबल शेवटी आलं. वाचणारं सॉफ्टवेअर त्याने आठवणीने परत टाकलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

"झालं सर. सगळं चालू आहे. बघून घ्या."

भाऊंनी पत्र्यावर हात ठेवला. पंखा फिरत होता. "बोल बाबा," ते म्हणाले. संगणक काही बोलला नाही.

"आवाज नाही," भाऊ म्हणाले.

"साउंड आमच्या कामात येत नाही सर. ऑफिसच्या मशीनला साउंडचा ड्रायव्हर टाकायचा नाही, असं लिहून दिलंय. स्टाफ मॅच बघतो म्हणून."

"मी मॅच बघतो?"

त्या माणसाने एकदा भाऊंकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "तसं नाही सर. पण पासवर्ड हेड ऑफिसकडे आहे. अर्ज करा."

ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एका भागाला कामाला लावणारा छोटा प्रोग्रॅम. तो नसेल तर स्पीकर असूनही संगणकाला त्याचा पत्ता नसतो. अर्ज मीच लिहिला. मुख्यालयाचं उत्तर आलं, की आवाज ही मनोरंजनाची बाब असून तिची कार्यालयीन आवश्यकता स्पष्ट करावी. मी स्पष्ट केली. मग त्यांनी हमीपत्र मागवलं, की सदर आवाजाचा वापर मनोरंजनासाठी केला जाणार नाही. भाऊंनी सही करताना विचारलं, "तक्रारी वाचताना मला कधीकधी हसू येतं. ते लिहायचं का?"

हमीपत्र गेलं आणि तिकडे शांतता पसरली. इकडे भाऊंच्या तक्रारी दुसऱ्या एकाकडे गेल्या. तो "आपल्या पत्रास अनुसरून" वाला होता. साहेबांना भाऊंबद्दल सहानुभूती होती; नुकसान करणाऱ्या माणसाला ती असतेच. त्यांनी भाऊंची खुर्ची प्रवेशदाराशी हलवली. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार म्हणायचं, बस्स. "आता यांना आराम द्यायला हवा," असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. पुढेमागे हीच व्यवस्था कायम करायचा त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

भाऊ दारात बसून राहिले. शर्टाची इस्त्री तशीच कडक. लोक आले की नमस्कार म्हणत. कधी कुणी नसतानाही म्हणत.

एका दुपारी मी जेवायला बोलवायला गेलो, तर म्हणाले, "मला शोभेला ठेवलंय रे. कुंडीला तरी निदान पाणी घालतात."

"चला," मी म्हटलं. "बघू तरी काय झालंय त्याला."

"तुला कळतं त्यातलं?"

"नाही."

"मला अर्धं कळतं. चल."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या जुन्या टेबलाशी बसलो. मी मॉनिटर चालू केला. कंत्राटी माणसाने लावला तेवढाच, एरवी तो कधी चालू झालेला नव्हता; काचेवरचा प्लॅस्टिकचा कागदही निघालेला नव्हता.

"खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे?"

"आहे."

"त्यावर फुली?"

"नाही."

"वायर मागच्या हिरव्या भोकात आहे?"

"आहे. दोनदा काढून घातली."

"साउंडची सेटिंग उघड आणि सांग काय दिसतंय. सगळं सांग, तुला महत्त्वाचं वाटेल तेवढंच नको."

मी उघडली. त्यांनी सवयीने कीबोर्डवर दोन-चार कळा दाबल्या. पडद्यावर एक हिरवी रेघ उसळली आणि खाली बसली. त्यांनी पुन्हा कळ दाबली, पुन्हा उसळली. मी ते सांगितलं.

भाऊ ताठ बसले. "रेघ हलतेय म्हणजे तो बोलतोय."

"पण ऐकू येत नाही."

"आपल्याला येत नाही. तो बोलतोय." मग त्यांच्या तोंडून गावची बोली आली. "मगे खंय बोलता तो?"

कुठे बोलतोय ते शोधायला त्यांनी सीपीयूला कान लावला. मग स्पीकरला. मी यादी वाचत होतो. आवाज कुठून बाहेर काढायचा याच्या यादीत स्पीकरचं नाव नव्हतं, कारण त्याचा ड्रायव्हरच नव्हता. एकच नाव होतं. ते मॉनिटरचं होतं.

"कुणाचं?" भाऊंनी विचारलं.

"मॉनिटरचं. चित्र जातं त्याच वायरने आवाजही तिकडे जातोय."

"ह्याला स्पीकर आहे?"

"नाही. पण मागे हेडफोनचं भोक आहे."

"इतकी वर्षं ज्याला पेटवला नाही," भाऊ म्हणाले, "त्यालाच जाऊन सगळं सांगत बसलाय मेला."

मी त्यांच्या खणातल्या हेडफोनची पिन मॉनिटरच्या मागे खोचली. त्यांनी तो कानाला लावला आणि एक कळ दाबली. मला बाहेरून फक्त मोहरीची बारीक तडतड ऐकू आली. भाऊंनी मान खाली घातली. एका हाताने हेडफोन कानावर दाबून धरला होता, जणू कुणी काढून घेईल.

"बोल बाबा," ते म्हणाले. अगदी हळू.

ते दाराशी परत गेलेच नाहीत. साहेब आले, खाकरले, तेव्हा भाऊंचं तिसरं उत्तर चालू होतं. "तक्रारी परत पाठवा माझ्याकडे," त्यांनी मान न वळवता सांगितलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा उजळलेला, त्यावर अक्षरं उमटतायत. "आता कसं काम केल्यासारखं वाटतंय," साहेब खूश होऊन म्हणाले.

एक अडचण मात्र झाली. मॉनिटर बंद केला की आवाज जाई, म्हणून तो दिवसभर चालू ठेवावा लागे. त्यामुळे भाऊ काय लिहितात ते सगळ्यांना दिसू लागलं आणि जाता-येता जो तो डोकावू लागला. कुणी ऱ्हस्व-दीर्घ सुचवी. साहेब "तुमचं बरोबर आहे" काढायला सांगत. "दारात बरा होतो," भाऊ मला म्हणाले. "तिथे निदान मी बोललेलं कुणी तपासत नव्हतं."

पुढे कुठल्याशा दिनानिमित्त कार्यालयात त्यांचा सत्कार झाला. मुख्यालयाचे अधिकारी आले. संगणकाला हार घातला. तंत्रज्ञानाने अंधारावर कशी मात केली ते साहेबांनी सांगितलं. छायाचित्रकार भाऊंना म्हणाला, "सर, स्क्रीनकडे बघा." भाऊंनी आवाजाच्या दिशेने, म्हणजे छायाचित्रकाराकडे, तोंड केलं. शेवटी माइक त्यांच्या हातात आला.

"शाल मिळाली," भाऊ म्हणाले. "मी आवाज मागितला होता."

लोकांना ते रूपक वाटलं. बराच वेळ टाळ्या चालल्या. मुख्यालयाचे अधिकारी भारावले आणि व्यासपीठावरून उतरता उतरता त्यांनी मला विचारलं, "फार खोल बोलले. नेमकं काय म्हणायचं होतं त्यांना?" मी सांगितलं. अर्जाचा क्रमांकही सांगितला.

त्याच आठवड्यात कंत्राटी माणूस पासवर्ड घेऊन आला आणि चहा निवायच्या आत ड्रायव्हर टाकून गेला. स्पीकरमधून तडतड सुरू झाली. भाऊंनी हात लांब केला, मॉनिटरची कड चाचपली, खालचं बटण शोधलं आणि दाबलं. मागे डोकावायला उभे असलेले दोघे आपापल्या जागी गेले.

भाऊ निवृत्त झाले ते त्याच टेबलावरून. पुढे वाकोल्याला बहिणीकडे असायचे. फोन केला की, "बोल बाबा." मग मागच्या पावसाळ्यानंतर एकदा फोन बहिणीने उचलला. तिने नीट, सावकाश सगळं सांगितलं.

त्यांच्या जागी आता एक मुलगी बसते, हुशार आहे. मध्यंतरी पुन्हा आदेश आला आणि पुन्हा सगळी यंत्रं पुसून नवी केली. त्या संगणकाचा आवाज पुन्हा गेला आहे. अजून कुणी तक्रार केलेली नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. मलाही कळलं ते परवा, ती जेवायला गेली असताना मी त्या खुर्चीत बसलो म्हणून. खणात त्यांचा हेडफोन अजून आहे. पत्र्यावर हात ठेवला, पंखा फिरत होता.

"बोल बाबा," मी म्हटलं.

पडद्यावर सगळं दिसत होतं. मी हात लांब करून मॉनिटर बंद केला. बटण खाली उजव्या कोपऱ्यात आहे. बघावं लागलं नाही.